निम्म्या खुर्च्या, पण नळ कुणाच्या हाती?

आमच्या गल्लीत पाण्याची पाळी असली की त्या रात्री घरातली बाई झोपत नाही. किती वाजता येईल याचा नेम नसतो. दोन वाजता शेजारच्या वहिनी कडी वाजवतात. मोटार लावा, नळी ओढा, ड्रम भरा, मग हंडे, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. सकाळी घरधनी उठून विचारतात, "आले का पाणी?" आणि आंघोळीला जातात. हे जागरण कुठल्या अंदाजपत्रकात धरले जाते, कुणी दाखवावे!

म्हणून पाण्याचा कारभार कुणाकडे, हा मी बायकांचा प्रश्न मानते. मैत्रिणींनो, आपण तो इंजिनिअर-वकिलांवर सोडला, हेही कबूल करू या.

२०११ साल आठवा. त्या वर्षी महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा देणारा कायदा झाला. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी त्या वेळच्या औरंगाबाद महापालिकेने 'समांतर' योजनेसाठी खाजगी कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नाव जलवाहिनीचे, पण करारात सबंध शहराचा पाणीपुरवठा आणि वसुलीही होती. सप्टेंबर २०१४ मध्ये कारभार कंपनीकडे गेला. एका हाताने सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या दिल्या, दुसऱ्या हाताने सभागृहातून पाणीच उचलून नेले. हंडा घेऊन नगरसेविकेच्या दारात गेले तर ती करारावर बोट दाखवणार. जिला मत दिले तिच्या हाती नळ नाही, आणि ज्याच्या हाती नळ त्याला आपल्या मताची गरज नाही. याला म्हणे सार्वजनिक-खाजगी भागीदारी! या भागीदारीत रात्री जागणारी बाई कुठे होती?

लोक रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये सर्वसाधारण सभेने करार मोडला, पाणीपुरवठा पालिकेकडे परत आला. आणि दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच सभागृहाने त्याच कंपनीला परत आणण्याचा ठराव केला! ते पुढे बारगळले, एवढेच नशीब.

"पालिकेकडे येऊन तरी काय उजेड पडला?" असे मला आमच्याच बैठकीत एकीने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्यानंतरही कित्येक वस्त्यांत आठ-आठ दिवसांनी पाणी आले. नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, जलवाहिन्या जुन्या. (मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी नहरींनी या गावाला पाणी पाजले, तेही आठवून जाते.) पण पालिकेला जाब विचारता येतो. २०२२ मध्ये ओरड झाली तेव्हा वार्षिक पाणीपट्टी ४,०५० वरून २,०२५ रुपयांवर आणावी लागली. वीस वर्षांचा करार ओरडीला ऐकत नसतो. पॅरिस शहराने २०१० मध्ये दोन बड्या कंपन्यांकडून पाणी परत घेतले आणि पुढच्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरवला. म्हणजे हे जमते. मात्र तिथे कारभार पाहणाऱ्या मंडळावर पाणी वापरणाऱ्यांचे प्रतिनिधीही बसवले गेले.

आपल्याकडे नेमके तेच राहिले. एप्रिल २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहरात निवडलेले सभागृहच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाचा. २०१९ मध्ये १,६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली नवी योजना याच काळात २,७०० कोटींच्या वर गेली. त्याचा हिशेब बायकांनी कुठे मागायचा होता? कंपनी गेली, पण तिची खुर्ची आपल्याला मिळाली नाही.

नव्या योजनेचे पाणी घरात येईल तेव्हा नळ, मीटर, बिले कोण सांभाळणार, हे आताच विचारायला हवे. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे; कुठलाही करार आधी तिथे मराठीतून वाचला जावा. पाणी सोडण्याच्या वेळा बायकांना विचारून ठरवाव्यात. आमच्या मंडळाने या मागण्यांवर सह्या घेणे सुरू केले आहे. सह्यांचे कागद टपालाने पाठवणार नाही. पाण्याच्या रात्रीनंतरच्या सकाळी, रिकाम्या हंड्यांसकट, स्वतः नेऊन देणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी निरोप द्यावा.