नुसते लायनर बदलून भागत नाही

मागच्या वर्षी आपल्या महाविद्यालयात ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंधस्पर्धा झाली. घामाचे मोती, रापलेले हात वगैरे लिहून मी दुसरे बक्षीस मिळवले आणि मोठ्या ऐटीत तो निबंध घरी आप्पांना वाचून दाखवला. आप्पांचे हायवेला ट्रकचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, एक खड्डा आणि दोन जॅक. आप्पांनी सगळा निबंध ऐकून घेतला आणि म्हणाले, “घामाचं झालं रं. पण आमी डोस्कं चालवतो, ते कुठं लिवलंस?”

ते मी लिहिलेच नव्हते. म्हणून हा लेख. विषय जुन्या ट्रकच्या मागच्या ब्रेकचा आहे. कला शाखेच्या वाचकांनी कृपया पान उलटू नये, कारण आपल्यापैकी निम्मे लोक रोज घाट उतरून येथे येतात.

माझे आजोबा गावचे लोहार. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोखंडी धाव शेणींच्या आगीत लाल करीत. तापली की ती फुगते, चाकावर अलगद बसते, आणि पाणी मारले की आवळते. आप्पा म्हणतात, ट्रकचा ब्रेक समजायला एवढी एकच गोष्ट पुरते. फक्त इथे ती उलटी, आपल्या वाईटावर. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम, त्याच्या आत दोन शू, आणि शूवर रिवेटने बसवलेले लायनर. पायडल दाबले की हवेच्या जोराने दांडा पुढे सरकतो, ॲडजस्टर कॅम फिरवतो, कॅम शू फाकवतो आणि लायनर ड्रमला आतून घासतात. घासले की तापणारच. तापला की ड्रम धावेसारखा फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. शिवाय फार तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पायडल दाबलेले असते आणि गाडी थांबत नाही!

किती तापते? मी हिशेब केला. खंडाळ्याहून खोपोलीला येताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. १६ टनांचा भरलेला ट्रक तेवढा उतरला, तर जी उष्णता निघते तिने सुमारे २५० लिटर साधे पाणी उकळेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला बराच भार इंजिन उचलते. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सोडली, तर सगळा भार ब्रेकवर.

आता माझे म्हणणे. आपल्याकडे ब्रेकचे काम ‘करीत’ नाहीत, ‘उरकतात’. मालक येतो आणि सांगतो, लायनर घासलेत, नवे टाका, संध्याकाळी गाडी भरायची आहे. मागचा आस उघडायचा म्हणजे पुढच्या चाकांना दगड लावा, जॅकवर उचला, खाली ठोकळे द्या, चाके काढा, एक्सल शाफ्ट ओढा, हबचे नट सोडा, मग दोघांनी मिळून हब-ड्रम उतरवा. एवढा खटाटोप झाल्यावर नुसते लायनर बदलून परत झाकणे हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. लायनर झिजले हे दिसते. का झिजले हे कोण बघणार? एका बाजूचे जास्त झिजले असतील, तर कॅमच्या बुशात खेळ आला असेल, किंवा शू मागे ओढणारी स्प्रिंग ढिली पडून शू सतत घासत असेल. लायनर तेलकट असेल, तर हबचे सील गेले आहे. तसले लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तेल आत मुरलेले असते, ब्रेक तापला की वर येते. सीलही बदलायचे आणि लायनरही, आणि लायनर दोन्ही बाजूंचे.

आणि ड्रम. ड्रमच्या आत बोट फिरवले तर कडेला काठ लागतो, निळे डाग दिसतात, कधी उभी चीर असते. काठ असेल तर लेथवर टर्निंग. पण बीड किती कापायचे याला मर्यादा आहे, ती बहुधा ड्रमवरच कोरलेली असते. तिच्यापुढे गेलेला किंवा चिरलेला ड्रम भंगारात जायला हवा. पातळ ड्रम लवकर तापतो, लवकर फुगतो. रिवेट ठोकायचे तेही मधून सुरू करून टोकांकडे, नाहीतर लायनर शूवर नीट टेकत नाही.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी असते. पूर्वी ती हवेच्या पाइपने उडवीत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून आता आम्ही पाणी मारून ओल्या फडक्याने पुसतो. गॅरेजला माझ्या पुस्तकांचा झालेला उपयोग एवढाच.

हे सारे मी फुशारकीने सांगत नाही. मी सातवीत असताना आप्पांनीही एकदा उरकले होते. मालक घाईत होता, ड्रमला काठ होता, आप्पांनी बघितला आणि “एवढी खेप जाऊ दे” म्हणून लायनर टाकून दिले. घाटात ब्रेक लागेना. ड्रायव्हरने शहाणपणाने गाडी डोंगराच्या बाजूला घातली. माणसे वाचली, पण क्लीनरचा पाय मोडला. तो मुलगा अजून थोडा लंगडतो. आप्पा दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ घेऊन जातात आणि तिथे फार वेळ बसत नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे अर्धे काम होत नाही, आणि म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईकही अर्धेच आहे. श्रमाला प्रतिष्ठा देऊ म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हाही हिशेब मांडावा. “नाही” म्हणणाऱ्या मिस्त्रीची भाकरी कोण देणार? व्यासपीठावरून त्याला हार घालणे स्वस्त आहे. महाग आहे तो नवा ड्रम, आणि गाडी उभी राहिल्यावर बुडालेले भाडे. ते पैसे मालकाने द्यायचे, आणि मालकाला माल भरायला लावणाऱ्या व्यापाऱ्याने एक दिवस थांबायचे. यातले कुणीच निबंधस्पर्धेला येत नाहीत.

गेल्या आठवड्यात असाच एक जुना ट्रक आला. आप्पांनी मालकाचा हात धरून त्याचे बोट ड्रमच्या काठावरून फिरवले, चीर दाखवली. तो म्हणाला, “चालतंय की मिस्त्री, कालपर्यंत चाललंच ना?” आप्पांनी ड्रम परत चढवायला नकार दिला. त्याने पुढच्या गॅरेजचा माणूस बोलावला, चाके लावून घेतली आणि गेला.

त्या ट्रकचा नंबर मला पाठ आहे. सकाळी आमची एस.टी. घाट उतरू लागली की मी मागच्या काचेतून बघत असतो.