सोळा पायऱ्या

मॉरिशसहून परत येऊन पंधरा दिवस झाले. ऑफिसात जो भेटतो त्याचा प्रश्न एकच: "बीच कसे आहेत रे?" बीच मस्तच आहेत! पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

आमच्या टूरमध्ये शामारेलची सात रंगांची माती होती, गंगा तलाव होता, पोर्ट लुईमध्ये खरेदीला अख्खी दुपार होती. आप्रवासी घाट मात्र नव्हता. टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तिथे काय बघणार साहेब? दगडी पायऱ्या आहेत नुसत्या."

खरंय त्याचं. पायऱ्याच आहेत, सोळा. खरेदीची दुपार बुडवून मी चालत गेलो.

१८३४ ते १९२० या काळात भारतातून जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. काहींना इथून पुढे दुसऱ्या वसाहतींतही पाठवलं. १८४९ साली हा घाट बांधला, त्यानंतर आलेले या पायऱ्या चढून वर आले. इथे नोंद व्हायची, नंबर मिळायचा आणि मग उसाच्या मळ्यावर रवानगी. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपले कोकणातलेही होते. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. २००६ मध्ये घाट जागतिक वारसा यादीत गेला.

इथवर वाचून आपली कॉलर ताठ होते. माझीही झाली. पण माझा मुद्दा पुढेच आहे.

हे मजूर लागले कशाला? कारण १८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्नचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहायचे. मुक्तीची बातमी घेऊन शिपाई आले, ते पकडायलाच आलेत असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. २००८ मध्ये तोही जागतिक वारसा झाला. आपण मात्र त्याच्या पायथ्याच्या बीचवर फोटो काढतो, डोंगर फक्त बॅकग्राउंडला!

मला विचाराल तर या दोन जागा वेगळ्या बघूच नयेत. घाट "आपला" म्हणून बघायचा आणि मॉर्न "त्यांचा" म्हणून सोडायचा, हे म्हणजे अर्धाच लॉग वाचून बग शोधण्यासारखं झालं. गुलामांच्या जागी आपली माणसं आणली, हे एकदा कळलं की नुसता अभिमान पुरत नाही.

सुट्टीत कशाला हे जड जड, असं वाटेल. मान्य. सहा दिवस समुद्रात डुंबा की! पण सातवा दिवस या दोघांना द्या.

टीममधला एकजण डिसेंबरमध्ये चाललाय. त्याने बीचची यादी मागितली होती. मी दिली, फक्त वर दोन नावं जोडून.