‘पानी’ अशुद्ध कोणी ठरवले?

आंबिवली-मोहने परिसरातील मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. पुढे मोहन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना आला आणि त्यामागोमाग नाना भागांतले कामगार आपापली बोली घेऊन चाळींतून राहू लागले. 2009 मध्ये कारखाना बंद पडला. बोली मात्र उरल्या. या घरांतील मुलांना शाळेत मिळणारा पहिला धडा कोणता? तुझ्या आईची भाषा अशुद्ध आहे, हा!

आगरी मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोला’. मराठीच्या तासाला त्याचे हसे होते. तेच ‘पानी’ हिंदीच्या तासाला बिनचूक ठरते आणि संस्कृत ‘पानीय’शी तर त्याचे नाते प्रमाण ‘पाणी’हून जवळचे! मूल तेच, उच्चार तोच. बदलते ती केवळ उच्चारामागची सत्ता.

ही सत्ता आकाशातून पडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या आश्रयाने कोश आणि क्रमिक पुस्तके सिद्ध झाली, ती मुख्यतः पुण्याच्या शिष्टवर्गाची भाषा प्रमाण मानून. जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या भाषेत लिहिले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाचीही थट्टा केली. विचाराला उत्तर देण्यापेक्षा विभक्ती तपासणे नेहमीच सोपे असते.

वस्तुतः प्रमाणभाषा हे भांडवल आहे. काही घरांत ते वारशाने मिळते, इतरांना कष्टाने कमवावे लागते. ही विषमता भरून काढणे हे शाळेचे कर्तव्य; प्रत्यक्षात ती वारशालाच बुद्धिमत्ता समजून गुण देते.

प्रमाणभाषेवाचून गरिबाचे मूल नोकरीच्या दारातूनच परत फिरेल, असा आक्षेप सद्हेतूनेही घेतला जातो. तो खोटा नाही, पण अस्थानी आहे. प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे. मात्र बोलीच्या पायावर, बोली पुसून नव्हे. अमेरिकेत अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात 1979 साली न्यायालयाने नेमके हेच बजावले : कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली शिक्षकांनी ओळखावी आणि त्या ज्ञानाचा उपयोग वाचन शिकवताना करावा.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. परंतु मराठी शाळेतही आपली भाषा परकीच ठरणार असेल, तर इंग्रजी शाळा काय वाईट, असा हिशेब पालकांनी केला तर दोष कोणाचा?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त वर्ग यांचा आग्रह धरते. त्याच कायद्यान्वये सरकारी व पालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. कार्यकर्त्यांनी या समित्यांत शिरले पाहिजे. पहिल्या इयत्तांत बोलीतले तोंडी उत्तर ग्राह्य धरावे, गुण आशयाला द्यावेत आणि शिक्षकांच्या हाती परिसरातील बोलींच्या शब्दांची यादी असावी, या तीन मागण्या तेथे रेटाव्यात. यांना पैसा जवळजवळ लागत नाही. म्हणूनच, त्या नाकारणाऱ्याला निधीच्या टंचाईमागे लपता येणार नाही.