‘दिसले नाही’ हीदेखील नोंदच!

विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा आणि मोठमोठी यंत्रे, असा आपल्या कलाशाखेत एक समज रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे हौशी आकाशनिरीक्षकांनी दाखवून दिले आहे. २९ मे १९८३ रोजी पॅलास हा लघुग्रह जंबुक तारकासमूहातील एका ताऱ्यासमोरून गेला. ताऱ्याच्या प्रकाशात पडलेली त्याची सावली अमेरिकेच्या दक्षिण भागावरून व मेक्सिकोवरून सरकली. तेथे शंभराहून अधिक ठिकाणी लोक दुर्बिणी लावून बसले होते. तारा नेमका केव्हा मालवला आणि केव्हा पुन्हा उजळला, एवढेच टिपायचे होते.

प्रत्येकाच्या हाती आली एकच रेघ. तारा जितका वेळ लपला, तितकी ती लांब. अशा रेघा एकाखाली एक मांडल्या, तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर रुंदीच्या पॅलासचा आकार कागदावर उमटला.

पण मला मोठे वाटतात ते सावलीबाहेर बसणारे निरीक्षक. त्यांचा तारा क्षणभरही मालवत नाही. तरीही त्यांची ‘दिसले नाही’ ही प्रामाणिक नोंद हवीच असते; सावली कुठे संपली, हे तिच्यामुळेच ठरते. मोहापायी कोणी खोटा एक सेकंद लिहिला, तर सगळा आकारच बिघडेल.

आपण मात्र स्पर्धेत, निबंधात, संशोधनात ‘काहीतरी’ हाती लागलेच पाहिजे, असा हट्ट धरतो. रिकाम्या हातांनी परतलेल्याचे खरे बोलणेही ज्ञानात भर घालते, हे मित्रहो, आपण केव्हा शिकणार?