अधिकार आपल्याकडे, तर कर्तव्यही आपलेच



पेढीवरील संगणकाचे ‘अ‍ॅडमिन’ अधिकार मुनीमजींकडे नसावेत, हे योग्यच आहे. चुकून उघडलेल्या घातक फाईलला त्यामुळे संपूर्ण संगणकाचा ताबा सहजी मिळत नाही. विंडोजचे स्वतःचे अपडेट साध्या खात्यातही होतात. परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर अनेकदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. पासवर्ड शेठजींकडे आणि शेठजी बाहेरगावी! मग मुनीमजी ‘नंतर’ हे बटण दाबतात, आणि ते ‘नंतर’ कधी येतच नाही.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजच्या चालू आवृत्त्यांसाठी त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. एकजण रजेवर गेला, की त्याची किल्ली नोंदवहीत सही घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवली जाई. तीच शिस्त येथे हवी. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतरचा शनिवार ठरवावा. आधी हिशेबाचा बॅकअप घ्यावा, प्रथम एका संगणकावर अपडेट करून पाहावे, मग इतरांवर, आणि वहीत तारीख लिहावी. पासवर्ड बंद पाकिटात घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडेही असावा.

अधिकार राखून ठेवणे हा विवेक. राखलेल्या अधिकाराचे काम न करणे हा मात्र प्रमादच.