हिटलरवरची टीप पुरे : इतिहासाची पुस्तके ठरवणाऱ्यांना खुले पत्र

राज्याचा इतिहासाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या आणि शिक्षकांची प्रशिक्षणे ठरवणाऱ्या सर्व मान्यवरांस,



मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दुसरे महायुद्ध आमच्या वर्गांत १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवरच्या हल्ल्याने सुरू होते आणि हिरोशिमा-नागासाकीपाशी संपते. मध्ये कारणे द्या, परिणाम लिहा, आणि ‘हिटलर’ यावर टीप लिहा. साठ लाख ज्यूंची हत्या एका वाक्यात उरकते. मुले आकडा वहीत उतरवून घेतात आणि पान उलटतात.

त्या टिपेत नावानिशी माणूस एकच असतो, तो म्हणजे हिटलर. हरलेला देश उभा करणारा, शिस्तीचा, वक्तृत्वाने लाखोंना भारणारा. मारल्या गेलेल्यांपैकी एकाचेही नाव तिथे नसते. मग ‘आपल्याकडेही असाच एखादा पाहिजे’ असे चौदा वर्षांचे मूल सहज म्हणून जाते, आणि बहुधा ते घरच्या मोठ्यांकडून ऐकलेले असते. पुस्तक प्रदर्शनांत हिटलरचे आत्मचरित्र थोरांच्या चरित्रांच्या रांगेत मांडलेले दिसते. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले होते. मुंबईतल्या ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर ते बदलले. यामागे दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. आपण कुणालाच नीट शिकवलेले नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे.

या कौतुकाचे एक मूळ आपल्याच इतिहासात आहे. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, आणि नेताजी हिटलरला भेटले होते, हे मुलांना ठाऊक असते. मग तेही पूर्ण शिकवू या. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले होते की, भारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला त्याला चालेल. मे १९४२ मध्ये झालेल्या भेटीत नेताजींनी त्या पुस्तकातल्या भारताविषयीच्या मजकुराचा विषय त्याच्यापुढे काढला होता. ज्याच्या वंशवादाच्या उतरंडीत आपण खालच्या पायरीवर होतो, त्याला आपण आपला तारणहार समजतो, हे मुलांना कळायला नको का?

माझी मागणी अशी. हा धडा १९३९ पासून नको, १९३३ पासून सुरू व्हावा. रणांगणावर नको, शाळेत सुरू व्हावा. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. एप्रिलमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात शाळा-महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या नव्या प्रवेशांवर दीड टक्क्याची मर्यादा आली. कारण काय दिले? वर्गांतली गर्दी. जीवशास्त्राच्या तासाला वंशशास्त्र शिकवू लागले. गणिताच्या पुस्तकांत उदाहरणे आली: एका मनोरुग्णाच्या देखभालीला इतका खर्च येतो, तर त्या पैशात नवविवाहितांना किती कर्जे देता येतील? मुलांनी ती सोडवली आणि उत्तरे बरोबरही आली. काही वर्षांतच, ऑगस्ट १९४१ पर्यंत, सुमारे सत्तर हजार अपंग आणि मनोरुग्ण माणसे विषारी वायूने मारली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळे) जाळले गेले, आणि पाठोपाठ ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकण्यात आले. एखाद्या वर्गात दुसऱ्या दिवशी बाक रिकामा दिसला असेल. उरलेल्या मुलांनी काय विचारले आणि बाईंनी काय सांगितले, एवढाच प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला तरी अर्धी तासिका पुरत नाही.

पुढचा भाग सांगताना प्रेतांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रे दाखवू नयेत. मुले शहारतात, नजर फिरवतात आणि काहीच शिकत नाहीत. वर्गात काहींना नाझी आणि काहींना ज्यू करून ‘प्रात्यक्षिक’ घेणे तर पूर्ण टाळावे. त्याऐवजी रेल्वेचे भाडे शिकवा. लोकांना मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांसाठी जर्मन रेल्वेने तिसऱ्या वर्गाच्या दराने भाडे आकारले. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. नेल्या जाणाऱ्यांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे परतीचेही. अर्धे तिकीट आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. कुणीतरी कारकुनाने टेबलाशी बसून हा हिशेब केला, वरिष्ठाने तपासला, कुणीतरी सही केली. वंशसंहाराला किती साध्या माणसांचे हात लागतात, हे ‘क्रूरकर्मा हिटलर’ या शब्दांतून कधीच कळणार नाही.

आणि यानुश कोर्चाक यांचा एक पूर्ण पाठ हवा. ते पोलंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि लेखक. वॉर्सातल्या ज्यू अनाथ मुलांचा आश्रम त्यांनी अनेक वर्षे चालवला. त्या आश्रमात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, आणि मुले मोठ्यांवरही तक्रार करू शकत. नाझींनी शहरातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडले तेव्हा आश्रमही आत गेला. उपासमार होती, टायफस होता. अशा दिवसांत, १८ जुलै १९४२ रोजी, त्या मुलांनी एक नाटक केले, आणि ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. आजारी, घरात अडकलेला अमल खिडकीतून बाहेरचे जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो, ही गोष्ट कोर्चाक यांनी त्या मुलांसाठी निवडली. चारच दिवसांनी, २२ जुलैपासून, वॉर्साहून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आश्रमातल्या सुमारे दोनशे मुलांना नेण्यात आले. कोर्चाक यांना सुटकेच्या संधी मिळाल्या होत्या. ते आणि त्यांच्या सहकारी स्टेफा विल्चिन्स्का मुलांबरोबर गेले. कुणीही परतले नाही. आपल्या भाषांच्या शिक्षकांना रवींद्रनाथ माहीत आहेत, इतिहासाच्या शिक्षकांना युद्ध माहीत आहे. या दोन्ही गोष्टी एका पानावर आणणे आपल्या हातात आहे.

ज्यूद्वेष हा वेगळा शिकवावा लागेल, कारण तो हिटलरने शोधलेला नाही. इंग्लंडने १२९० मध्ये आणि स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवले होते. १९०३ मध्ये रशियात ज्यूंच्या जगावर राज्य करण्याच्या तथाकथित कटाचा एक बनावट दस्तऐवज छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने तो उचलेगिरी असल्याचे पुराव्यानिशी दाखवले, तरी तो खपत राहिला. जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू एक टक्काही नव्हते, आणि तरीही पहिले महायुद्ध हरल्यापासून महागाईपर्यंत सगळ्याचे खापर त्यांच्यावर फुटले. तीच बनावट गोष्ट आज नव्या पार्श्वसंगीतासह आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येते.

महाराष्ट्राला हे परक्यांचे प्रकरण म्हणून शिकवण्याची गरजच नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर आणि आसपास, नवगाव, रेवदंडा, पेण या गावांत बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे, आणि घरची भाषा मराठी. ज्या काळात जर्मनी ज्यू मुलांना शाळेबाहेर काढत होती, त्याच सुमारास, १९३७ साली, मुंबईच्या महापौरपदी डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्रायली गृहस्थ होते. महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. आमच्या मुलांना ज्यू पहिल्यांदा भेटावेत ते शेजारी म्हणून, तेल विकणारे, शाळा चालवणारे, शहर सांभाळणारे म्हणून. छळछावणी त्यानंतर. बळी म्हणूनच ओळख झाली तर मुलांना दया येईल, पण ती माणसे आपली वाटणार नाहीत.

हा विषय निघाला की वर्गात गाझाचा प्रश्न येतोच, आणि शिक्षक गप्प बसतात, कारण कोणत्याच प्रशिक्षणात त्यावर कुणी बोललेले नसते. इस्रायल सरकारच्या कृतींवर कठोर टीका करता येते. गाझातल्या मुलाचा मृत्यू हा मृत्यूच आहे, आणि तो वर्गात बोलून दाखवायलाच हवा. पण त्या सरकारच्या कृतीबद्दल जगभरच्या ज्यूंना दोषी धरणे हा ज्यूद्वेष आहे. ही रेषा दाखवण्याचे बळ शिक्षकांना द्या.

युद्धाचा आपला हिस्साही याच धड्यात यावा. पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक स्टालिनने हद्दपार केलेल्या कुटुंबांतले होते, आणि हा तपशील चुकवू नये.

एनसीईआरटीने २००६ साली नववीच्या पुस्तकात नाझीवादावर एक अख्खे प्रकरण दिले होते. हे करता येते याचा तो पुरावा आहे. पुढच्या आवृत्तीच्या बैठकीत लढायांच्या तारखा आणि नकाशे कमी करावे लागले तर करा. उन्हाळी प्रशिक्षणात या विषयासाठी दोन पूर्ण दिवस ठेवा. आणि प्रश्नपत्रिकेतून ‘टीप लिहा : हिटलर’ काढून तिथे १९३३ चा तो प्रवेशमर्यादेचा कायदा उतारा म्हणून द्या आणि विचारा: हा कायदा अमलात आणायला कोणाकोणाची मदत लागली असेल? मसुदा तयार झाला तर तो वाचून पाहायला, वर्गात शिकवून पाहायला आणि मुलांचे प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचवायला माझ्यासारखे अनेक शिक्षक तयार आहेत. फक्त बोलवा.

आपली,
माध्यमिक शाळेतील एक इतिहास शिक्षिका