ब्रेक नेमका अडकतो कुठे?

विश्वामित्रीला पूर आला की वडोदऱ्यात गाड्यांच्या इंजिनाची चिंता सुरू होते. जुलै २०१९ च्या अखेरीस चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि अकोटा, समा यांसारख्या भागांत दारात उभ्या असलेल्या गाड्या गढूळ पाण्यात बुडाल्या. इंजिनात पाणी शिरले का, विमा मिळेल का, एवढ्यावरच चर्चा संपते. मागच्या चाकांजवळच्या दोन लहान मोटारी कोणाला आठवत नाहीत. आजच्या बऱ्याच गाड्यांत दोन सीटांच्या मधला हॅन्डब्रेकचा दांडा गेला आणि त्याच्या जागी बोटाने ओढायचे बटण आले. ते बटण या मोटारींना हुकूम देते. त्या रुसल्या की गाडी जागची हलत नाही, किंवा उतारावर उभी राहत नाही. हा बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो आणि क्रमाने तपासत गेले तर सापडतो. तो महाग पडतो, कारण तपासण्याचा तो क्रम आणि त्यासाठी लागणारी माहिती नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू दिली जात नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. बटण ओढले की कंट्रोल युनिट मागच्या दोन्ही कॅलिपरवरच्या मोटारी फिरवते, मोटार गिअरमधून एक स्क्रू पुढे ढकलते आणि ब्रेक पॅड डिस्कला आवळले जातात. पॅड पुरेसे आवळले गेले की नाही, हे युनिट मोटारीने खेचलेल्या करंटवरून ताडते. म्हणून पहिला संशय ब्रेकवर नव्हे, बॅटरीवर घ्यायचा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. ती बाराच्या खाली घसरली असेल तर मोटारीला जोर मिळत नाही, युनिटचा हिशेब चुकतो आणि ब्रेक शाबूत असूनही डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायला लागतो. त्यानंतर फ्यूज पाहायचा, मग ब्रेक पेडलचा स्विच. पाय दाबला आहे ही खबर त्या स्विचकडून आली नाही तर बऱ्याच गाड्यांत पार्किंग ब्रेक सुटतच नाही. पुढची पायरी म्हणजे चाकापर्यंत जाणारी वायर आणि तिचा कनेक्टर. पाणी उतरल्यावर कनेक्टरमध्ये राहिलेल्या गाळामुळे काही आठवड्यांनी त्यावर हिरवट गंज चढतो आणि बिघाड पुरानंतर नव्हे, दिवाळीच्या तोंडावर उगवतो. एवढे सगळे पाहून झाल्यावरच मोटार, पॅड आणि कॅलिपर यांची पाळी. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे होते. स्कॅनरवर एक कोड दिसतो आणि अख्खा कॅलिपर बदलायचा सल्ला मिळतो. कोड फक्त कोणत्या वाटेवर अडचण आहे ते सांगतो, कोणता भाग मेला ते सांगत नाही.

आडरानात जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. पावागढच्या पायथ्याचे दगड, जांबुघोडाकडचे कच्चे रस्ते, ओरसंग नदीच्या पात्रातली वाळू अशा ठिकाणी चाक खूप वर-खाली होते आणि त्याबरोबर ती वायरही दर वेळी वाकते. वरचे आवरण धड दिसते, आतली तार तुटलेली असते. गाडी सपाटीवर उभी असताना तपासली तर सगळे ठीक, खड्ड्यात गेली की दिवा. म्हणून वायर हलवून, चाक लोंबकळत ठेवून मीटर लावावा लागतो. काही गाड्यांत रचनाच वेगळी असते. २००४ साली आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये मागच्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम आणि ब्रेक शू आहेत, ते केबलने ओढणारी मोटार दुसरीकडे आहे. त्या ड्रममध्ये चिखल आणि वाळू साचली, शूंचे अंतर बिघडले की मोटार गरजेपेक्षा जास्त ओढत राहते, कर्कश आवाज येतो आणि शेवटी युनिट हात वर करते. तिथे नवी मोटार बसवून उपयोग नाही. ड्रम उघडून साफ करायचा आणि शू जुळवायचे. आपल्याकडे रांजणगावला बनणारी जीप कंपास, हालोलहून निघालेली एमजी ग्लॉस्टर, थार रॉक्सचे वरचे प्रकार या सगळ्यांत पार्किंग ब्रेक बटणाचाच आहे. तेव्हा हौशी मंडळींच्या खेळण्याचा प्रश्न म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

दुरुस्तीची माहिती हा कोंडून ठेवण्याचा माल आहे का, याचा निवाडा भारतात एकदा झालेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण अपिलांत गेले. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला आणि वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केले. स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. युरोपात २००७ पासूनच्या नियमांनी आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ च्या कायद्याने बाहेरच्या गॅरेजांसाठी ही दारे बऱ्यापैकी उघडली.

ही माहिती खुली करण्यावर पहिली हरकत अशी की ब्रेक हा जिवाशी खेळ आहे, तो कोणाच्याही हाती कसा द्यायचा? हरकत वजनदार आहे, पण ती उलट्या बाजूला झुकते. पॅड बदलताना या मोटारी आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्याव्या लागतात. ती पद्धत ठाऊक नसलेला मिस्त्री काम सोडून देत नाही. तो क्लॅम्प लावून पिस्टन रेटतो आणि आतले गिअर मोडतो, किंवा मोटारीला थेट बॅटरीच्या तारा लावतो. धोका आजच चालू आहे, आणि तो अज्ञानातून येतो. दुसरी हरकत चोरीची आणि हॅकिंगची. किल्लीचे कोडिंग जरूर कुलपात ठेवा. पॅड बदलण्याच्या सूचनेत चोराच्या कामाचे काही नाही. तिसरे म्हणणे आडमार्गाच्या रसिकांचे : जुना दांडाच बरा होता. दांड्याच्या केबलही गंजत, ताणल्या जात, आणि अर्धवट ओढलेला हॅन्डब्रेक तसाच घेऊन गाडी हाकणारे कमी नव्हते. उलट चालत्या गाडीत बटण धरून ठेवले तर बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना ब्रेक लागतो, म्हणजे मुख्य ब्रेक दगा देतो तेव्हा हाच आधार. यंत्र चांगले आहे. बॅटरी मेल्यावर ते सोडवायचे कसे, हे मालकाच्या पुस्तिकेत ठळक सापडत नाही, तक्रार ती आहे.

वडोदऱ्यात ही मागणी उठावी याला जागेचेही कारण आहे. जवळच्या हालोलला आधी जनरल मोटर्सचा आणि आता एमजीचा कारखाना आहे, आणि महाराजा सयाजीरावांच्या पाठबळावर १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाचा उद्देशच कारागिरांना त्यांच्या भाषेत तंत्रविद्या देण्याचा होता. ते आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. कारखाना, शाखा आणि आयटीआय यांनी मिळून पावसाळ्याआधी शहरातल्या मिस्त्रींसाठी गुजराती आणि मराठीत या ब्रेकचा वर्ग घ्यायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कंपन्यांकडून तीन गोष्टी हव्यात : सर्व्हिस मोडची पद्धत, वायरिंगचा नकाशा, आणि वाजवी दरात स्कॅनरचा परवाना. निविदा काढताना सरकारी खात्यांनी स्वतःच्या गाड्यांपुरती ही अट घातली तरी पुष्कळ होईल. त्यांच्याही गाड्या पुरात उभ्या असतात.